बाबांची पायली

गेल्या महिन्यात अंगणवाडीसमोर एक गाडी थांबली. मुंबईच्या एका फाउंडेशनचे दोघं होते, एक मुलगा, एक मुलगी, माझ्या लेकीच्या वयाचे. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याला देणगी द्यायची आहे म्हणाले, आणि त्याआधी खेड्याखेड्यांत विचारत फिरत होते, ताई, दवाखान्यात काय कमी पडतं? देणाऱ्यानं आधी पेशंटच्या दारी यावं, हे मला फार आवडलं. चहा ठेवला आणि त्यांना आधी ज्वारीची गोष्ट सांगितली.

मी शाळेत होते तेव्हाची, ऐंशीच्या दशकातली. सुगी झाली की सेवाग्रामच्या दवाखान्यासाठी गावात ज्वारी गोळा व्हायची. तिथल्याच डॉ. उल्हास जाजूंनी सुरू केलेली आरोग्य विम्याची योजना. ज्याचं शेत जास्त त्याची ज्वारी जास्त, मजुराची कमी, आणि गावातली 75 टक्के घरं आली तरच गाव योजनेत. बाबा पायलीनं मोजायचे, मी पोत्याचं तोंड धरायची. पायली शिगोशीग भरायची, वरून हात फिरवायचा नाही, असा त्यांचा दंडक.

एका वर्षी तुरीत माझ्या भावाला घोणस चावली. बैलगाडीनं डांबरी रस्ता, तिथून ट्रकनं सेवाग्राम. आई रस्ताभर रडत होती, पैसे कुठून आणायचे म्हणून. बाबा म्हणाले, ‘‘भिऊ नको, आपली जवारी हाये तिथं.’’ सात दिवस भाऊ भरती होता. आम्ही कुणापुढे हात पसरला नाही.

तो दवाखानाही देणगीतूनच उभा राहिला आहे. 22 फेब्रुवारी 1944 ला कस्तुरबा पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, नजरकैदेत वारल्या. त्यांच्या नावानं सेवाग्रामात बायकामुलांसाठी 15 खाटांचा दवाखाना निघाला, तो घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या अतिथिगृहात. कस्तुरबांसोबत त्याच पॅलेसमध्ये कैदेत असलेल्या डॉ. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये तिथं मेडिकल कॉलेज उभारलं. त्याच 1969 मध्ये आगाखानांनी तो पॅलेस देशाला दिला. पुढे 2003 ते 2008 आगा खान फाउंडेशनच्या मदतीनं सेवाग्रामच्या कॉलेजनं वर्धा जिल्ह्यातल्या 67 गावांत बाळंतीण आणि लहान लेकरांसाठी काम केलं. गावच्या समितीत मी होते. लेकरांची वजनं, गरोदर बायांच्या तपासण्या, खर्चाचा हिशेब, सगळं आमच्याच हातात दिलेलं. ज्या घरात बा गेल्या त्याच घराण्याच्या नावानं आमच्या लेकरांसाठी पैसा आला, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वही मिटून थोडा वेळ नुसती बसले होते.

मुलीनं विचारलं, आणि संशोधन? मी तिला आमच्या काकूचा पाय सांगितला. हत्तीपाय. त्याचे जंतू रक्तात उतरतात ते रात्री, म्हणून रक्त घ्यायची माणसंही रात्री यायची, दिवसभर वेचणी करून झोपलेल्यांना उठवायची. लोक दारं उघडत नसत. सेवाग्रामला जमनालाल बजाजांच्या नावाचं संशोधन केंद्र आहे. दिवसा घेतलेल्या रक्तातूनही हा रोग ओळखता यावा, अशा चाचण्यांवर तिथं वर्षानुवर्षं काम झालं. असल्या कामाची फीत कापता येत नाही. दहा-दहा वर्षं पगार, रसायनं, फ्रीजची वीज, यावर पैसा घालत राहावा लागतो. तिथंच घाला, म्हटलं.

कारण उलटंही मी पाहिलं आहे. जाऊबाईला घेऊन एका दुसऱ्याच दवाखान्यात गेले होते. देणगीत आलेलं मशीन, भिंतीवर देणाऱ्याच्या नावाची पितळी पाटी, आणि मशीनवर चादर. बंद पडलं होतं. दुरुस्तीचे पैसे देणगीत नव्हते, चालवणाऱ्याचा पगारही नव्हता. तीच तपासणी आम्ही नागपूरला बाहेर केली, त्यासाठी जाऊबाईनं डोरलं गहाण ठेवलं. ते अजून सुटलेलं नाही. मशीन द्या, जरूर द्या, पण दुरुस्तीचे पैसे आणि माणूस सोबत द्या. सोबत आलेल्या नातेवाइकांना रांधायला चूल आणि निजायला छप्पर द्या. भरती झालेल्या बाईची सासू उघड्यावर झोपते, आणि तिसऱ्या दिवशी पेशंटला घेऊन घरी निघते. औषध तिथंच अर्धं राहतं.

पोरगा भराभर लिहून घेत होता. मग म्हणाला, गावानं काय द्यावं?

आता ज्वारी कुणी पेरत नाही, सगळं सोयाबीन. पण सोयाबीन विकलं की हातात पैसा असतो, तेव्हा घरामागे काही तरी गोळा करता येईल. तुमच्या लाखांपुढे ते काहीच नाही, पण तेवढ्यानं आमची माणसं हिशेब विचारायला उभी राहतील. हिशेब मात्र ग्रामसभेत, मराठीत वाचून दाखवायचा.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. येऊ म्हणाले. दिवाळीनंतरच्या ग्रामसभेची तारीख मी काल त्यांना कळवली आहे, आणि माळ्यावरची बाबांची पायली खाली काढून घासून ठेवली आहे.