लॅमिंग्टन रोडची 'सीक्रेट' सेटिंगं

नव्वदच्या दशकात मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडला, मशीन असेंबल करून देणारी पोरं "बॉस, सीक्रेट सेटिंग मारून देतो, मेमरी वाढेल" म्हणायची, आणि गिऱ्हाईक खूश. आता ८६बॉक्सवर (जुना पीसी आजच्या मशीनवर उभा करणारा एम्युलेटर) मायक्रोसॉफ्टची जुनी ऑपरेटिंग सिस्टम डॉस ६.२२ चढवून त्यातली बरीचशी परत तपासली तर गंमत अशी की निम्म्याहून जास्त सीक्रेटं सरळ डॉसच्या हेल्पमध्ये लिहिलेली आहेत, फक्त वाचतंय कोण!

डॉसचे प्रोग्राम पहिल्या ६४० केबीत चालतात, त्याच्या वरची १ एमबीपर्यंतची जागा म्हणजे अप्पर मेमरी, आणि ड्रायव्हर तिकडे हलवले की खालची जागा मोकळी होते. त्या वरच्या मेमरीतलं उदाहरण म्हणजे बी००० ते बी७एफएफ हे पत्ते. हा ३२ केबीचा पट्टा मोनोक्रोम कार्डासाठी राखून ठेवलेला, पण कलर व्हीजीए कार्ड टेक्स्ट मोडला बी८०० पासून पुढचं वापरतं आणि ग्राफिक्सला ए०००, म्हणजे मधली जागा नुसती पडून असते. कॉन्फिग डॉट सिस या डॉसच्या स्टार्टअप फाइलमध्ये ईएमएम३८६ (वरची मेमरी वापरू देणारा ड्रायव्हर) च्या ओळीत तो पट्टा इन्क्लूड केला की ड्रायव्हर तिथे ठेवता येतात. भारी वाटतं ना, पण यात गुपित कसलं, डॉसचा मेमरी जुळवून देणारा प्रोग्राम मेममेकर स्वतःच विचारतो की मोनोक्रोम भाग वापरू का म्हणून. फक्त मग विंडोज ३.१ कधीकधी बोंबलतं, त्यावर सिस्टम डॉट आयएनआयमध्ये मोनोयूएमबी डॉट ३८६ ची ओळ टाकायची. ईएमएम३८६ ला वरची मोकळी जागा आणखी तपासायला लावणाऱ्या हायस्कॅन स्विचचंही तेच, हेल्पमध्ये आहे आणि काही मशीनं त्याने लटकतात हेही तिथेच लिहिलंय.

खरंखुरं लपलेलं म्हणजे इन्स्टॉलहाय. कॉन्फिग डॉट सिसमध्ये इन्स्टॉल वापरून टीएसआर (मेमरीत बसून राहणारे छोटे प्रोग्राम) चढवतात हे सगळ्यांना माहीत, पण ६४० केबीतली जागा खाऊ नये म्हणून तोच टीएसआर वरच्या मेमरीत टाकणारी ही कमांड डॉस ६ मध्ये चालते आणि मॅन्युअलमध्ये तिचा पत्ताच नाही. का लपवली देवजाणे. एक भानगड मात्र आहे, मेममेकर या ओळीला हातच लावत नाही, त्यामुळे त्याचं ऑप्टिमायझेशन झाल्यावर वरती किती जागा उरली ते बघायचं आणि मग क्रम स्वतःच जुळवत बसायचं, मोठे ड्रायव्हर आधी आणि छोटे नंतर, कारण काही ड्रायव्हर लोड होताना जास्त जागा मागतात आणि मग आकसतात. लोकलमध्ये आधी मोठी बॅग वर सरकवतो ना, तसंच.

माझं मत विचाराल तर कागदावर नसलेली सेटिंग म्हणजे लगेच जादू नाही, अन् कागदावर आहे म्हणून टुकारही नाही. मला तर हेल्पवालीच जास्त कामाला आली.

साध्या डॉसबॉक्समध्ये (डॉसचे गेम चालवायचा एम्युलेटर) हे करायला जाऊ नका, तिथे खरं कॉन्फिग डॉट सिस नसतंच, म्हणून खरं डॉस इन्स्टॉल करा. ओळ टाकली की मेम स्लॅश सी ही कमांड मारा, अप्पर मेमरीच्या कॉलममध्ये टीएसआरच्या नावापुढे आकडा आला तर चाललं. मशीन चालूच होत नसेल तर "स्टार्टिंग एमएस-डॉस" दिसताच एफ८ दाबा आणि एकेक ओळ हो-नाही करत पुढे जा, कुठली नडतेय ते लगेच कळतं.