तो झोत आपल्यावर आला तर?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. दादरचं वाचनालय असो नाहीतर मुलुंडमधल्या एखाद्या सोसायटीचा हॉल, न्यूट्रॉन ताऱ्यांच्या, म्हणजे मोठे तारे फुटल्यावर मागे उरलेल्या अतिदाट गाभ्यांच्या, टकरीवर बोलून झालं, दिवे लागले, की पहिला हात वर होतो आणि प्रश्न ठरलेला असतो: "सर, ते सगळं ठीक, पण तो गॅमा किरणांचा झोत आपल्यावर आला तर?" मागून कोणीतरी लगेच "मग ईएमआय भरायला नको!" म्हणतं.

असे दोन तारे आदळले की विरुद्ध दिशांना दोन झोत सुटतात, त्यांची ही भीती. भीतीपुरतं उत्तर छोटं आहे. आपल्या आकाशगंगेत न्यूट्रॉन ताऱ्यांच्या ज्या जोड्या ठाऊक आहेत, त्यांपैकी २००३ साली सापडलेली दुहेरी पल्सारची (पल्सार म्हणजे ठरावीक ठोक्याने रेडिओ लहरी पाठवणारा न्यूट्रॉन तारा) जोडी एकमेकांवर आदळायला अजून साधारण साडेआठ कोटी वर्षं आहेत. १९७४ साली हल्स आणि टेलर यांनी शोधलेल्या जोडीला तीस कोटी. शिवाय झोत अरुंद असतो. मधल्या अक्षापासून पाचेक अंश पसरला असं धरलं आणि दोन्ही टोकांचे झोत मोजले, तरी एखाद्या टकरीचा नेम आपल्यावर असण्याची शक्यता अडीचशेत जेमतेम एक. त्या दुहेरी पल्सारची कक्षा तर आपल्याला जवळजवळ कडेवरून दिसते आणि झोत निघतो तो कक्षेच्या पातळीला काटकोनात, म्हणजे आज तरी तो आपल्या वाटेला नाही. साडेआठ कोटी वर्षांत ते कुठे आणि सूर्य कुठे गेलेला असेल, हा वेगळा हिशोब.

इतकं सांगितल्यावर लोक सुटकेचा श्वास टाकून चहाकडे वळतात. मला खरं तर तिथून पुढे बोलायचं असतं. कारण आजवर जी टक्कर आपण सगळ्यांत नीट पाहिली, तिचा झोत आपल्याकडे नव्हता, आणि म्हणूनच ती इतकी नीट पाहता आली.

ती गोष्ट १७ ऑगस्ट २०१७ ची. गुरुवार. आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजून अकरा मिनिटं झाली होती, चर्चगेटला घरी जायची झुंबड सुरू. अमेरिकेतल्या लायगो आणि इटलीतल्या व्हर्गो या शोधकांतून गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाशातच उठलेल्या तरंगांचा, शंभरेक सेकंदांचा, चढत्या सुराचा संदेश निघून गेला आणि तो संपल्यावर १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाला गॅमा किरणांची एक झुळूक लागली. इंटिग्रल उपग्रहालाही ती जाणवली. तेरा कोटी वर्षांचा प्रवास आणि दोघांच्या पोहोचण्यात पावणेदोन सेकंदांचंही अंतर नाही! गुरुत्वीय लहरी प्रकाशाच्याच वेगाने जातात की नाही, हा वाद त्या संध्याकाळी मिटला म्हणायला हरकत नाही.

मात्र ती झुळूक फार मिणमिणती होती. नेहमीच्या गॅमा स्फोटांच्या तुलनेत ऊर्जा हजारो पट कमी. इतक्या जवळ झालेला स्फोट, मग इतका अशक्त का?

अकरा तासांनी चिलीमधल्या स्वोप नावाच्या एक मीटरच्या दुर्बिणीला वासुकी तारकासमूहातल्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत नवा ठिपका दिसला. आधी निळसर, मग चार-पाच दिवसांत लालसर होत विझत गेलेला. ही किलोनोव्हा. टकरीत बाहेर फेकलेल्या मालमसाल्यात जड मूलद्रव्यं तयार होत होती आणि त्यांच्या किरणोत्साराची ही धग होती. स्ट्रॉन्शियमची खूण या प्रकाशात पुढे २०१९ मध्ये ओळखता आली. सोन्या-प्लॅटिनमचंही मूळ अशा टकरींत आहे, हे तर वर्तमानपत्रांनी उचललंच. बातमी जाहीर झाली १६ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. झवेरी बाजाराला याहून चांगला मुहूर्त कोणी काढून दिला नसता.

झोताचा मात्र पत्ता नव्हता. नेहमीच्या गॅमा स्फोटानंतर क्ष-किरण आणि रेडिओ लहरींची उत्तरदीप्ती लगेच दिसते आणि ओसरत जाते. इथे क्ष-किरणांच्या दुर्बिणी पाहत बसल्या, काहीच नाही. अंतराळातल्या चंद्रा वेधशाळेला पहिले क्ष-किरण दिसले ते नऊ दिवसांनी, २६ ऑगस्टला. आपल्याकडे दीड दिवसाचे गणपती विसर्जनाला निघाले होते. मग २९ तारखेला मुंबई तुंबली, लोक परळहून अंधेरीपर्यंत पाण्यातून चालत गेले, पाणी ओसरलं, आणि २ सप्टेंबरला, सोळाव्या दिवशी, रेडिओ लहरी आल्या. पुढे ती दीर्घिका सूर्याच्या फार जवळ गेल्याने क्ष-किरण आणि दृश्य प्रकाशाच्या दुर्बिणींना डिसेंबरपर्यंत ती दिसेना. रेडिओवाल्यांना सूर्याची तेवढी अडचण नसते. त्यांनी पाठ सोडली नाही. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची आपली दुर्बीण, त्यात होती.

आणि या उत्तरदीप्तीचं तेज वाढत होतं! ओसरायचं सोडून महिनोन्‌महिने चढतंच होतं. तेव्हा तज्ज्ञांत दोन तट पडले. एकांचं म्हणणं, झोत बाहेर पडलाच नाही, भोवतीच्या मलब्यात घुसमटला आणि आपण पाहतोय तो त्या मलब्याचा तापलेला कोष. दुसऱ्यांचं म्हणणं, झोत निघाला, पण आपल्याला बाजूला ठेवून. प्रकाशाच्या वेगाजवळ धावणारी वस्तू आपला प्रकाश पुढच्या दिशेला अगदी चिंचोळ्या शंकूत फेकते. समोरच्या वायूत घुसून ती मंदावते, तसा शंकू रुंदावतो आणि बाजूला उभ्या असलेल्यापर्यंत उजेड उशिरा, हळूहळू चढत पोहोचतो. दोन्ही चित्रांत तेज चढतंच. नुसत्या आलेखावरून निवाडा होईना.

निवाडा केला खंडभर पसरलेल्या रेडिओ दुर्बिणींनी, एकत्र जोडून. टकरीनंतर ७५ आणि २३० दिवसांनी घेतलेल्या निरीक्षणांत तो रेडिओ ठिपका आकाशात सरकला होता. किती, तर एका अंशाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी. पण तेवढं सरकायला लागणारा वेग निघाला प्रकाशाच्या चौपट.

इथे हॉलमध्ये खळबळ होते. "म्हणजे आइनस्टाइन चुकला?" नाही हो. हिशोब बोटांवर करता येतो. समजा झोत जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने, आपल्या दृष्टीरेषेशी २० अंशांचा कोन करून निघालाय. शंभर दिवसांत तो आपल्याकडे ९४ प्रकाश-दिवस (प्रकाश एका दिवसात जातो तेवढं अंतर म्हणजे एक प्रकाश-दिवस) सरकला आणि बाजूला ३४. शंभराव्या दिवशी निघालेल्या प्रकाशाला पहिल्या दिवशीच्या प्रकाशापेक्षा ९४ प्रकाश-दिवस कमी चालायचं आहे, म्हणून तो आपल्याकडे फक्त सहा दिवस उशिरा येतो. आपल्याला वाटतं, सहा दिवसांत पठ्ठ्या ३४ प्रकाश-दिवस आडवा गेला! साडेपाच पट. प्रत्यक्ष झोत थोडा मंदावलेला होता, म्हणून चौपट. घुसमटलेल्या कोषाला हे जमलं नसतं. झोत बाहेर पडला होता, अरुंद होता आणि आपल्यापासून वीसेक अंश दूर होता.

आता मूळ प्रश्नाकडे. रात्री दादरच्या फलाटावर उभे राहा. समोरून येणाऱ्या लोकलचा दिवा डोळ्यांत गेला की गाडी फास्ट आहे की स्लो तेही कळत नाही. तीच बाजूने बघितली की डबे मोजता येतात. २०१७ च्या झोताचे डबे आपल्याला मोजता आले: आधी लहरी, मग झुळूक, मग किलोनोव्हाची धग, मग झोताचा उशिरा आलेला उजेड, प्रत्येक सुटं. झोत थेट आपल्यावर असता तर त्याच्या लखलखाटात किलोनोव्हा वेगळी काढणं फार अवघड गेलं असतं.

समोरून आलेलेही पाहिलेत आपण. ९ ऑक्टोबर २०२२ ला एका प्रचंड ताऱ्याच्या मरणातून निघालेला झोत नेमका आपल्या रोखाने आला. १९० कोटी वर्षांचा प्रवास करून आलेल्या त्या किरणांनी फर्मीचे शोधक दिपले, पृथ्वीच्या आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, खळबळ उडाली. "आपल्यावर आला तर?" याचं खरंखुरं उत्तर हवं असेल तर हे घ्या. तो आला, आपण डाळ-भात खाल्ला आणि झोपलो. अंतर मोठं असलं की इतकंच. जवळचा आला तर ओझोनचा थर उडेल, हे मान्य; पण जवळ तसा उमेदवार दिसत नाही.

माझी चिंता वेगळी आहे. लहरीही मिळाल्या आणि प्रकाशही, अशी टक्कर २०१७ नंतर पुन्हा हाती लागलेली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये किलोनोव्हासह एक गॅमा स्फोट सापडला, तेव्हा लायगो सुधारणांसाठी बंद होतं! आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो-इंडिया उभं राहायचं आहे. २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी २६०० कोटी मंजूर केले. तिसऱ्या खंडातल्या अशा शोधकामुळे टक्कर आकाशात नेमकी कुठे झाली ते फार लवकर कळेल आणि दुर्बिणी वेळेत वळवता येतील. म्हणून पुढच्या वेळी हात वर कराल तेव्हा "औंढ्याचं काम कुठवर आलं?" असं विचारा, मला जास्त आवडेल.