सूर्यमाला मैदानावर मांडताना : एक मीटर म्हणजे एक कोटी किलोमीटर

सूर्यमालेची प्रतिकृती मोकळ्या जागेत मांडायची असेल तर १ : १,००० कोटी हे प्रमाण घ्या. वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर २००१ पासून असलेली ‘व्हॉयेज’ ही प्रतिकृती याच प्रमाणात आहे. आपल्यासाठी त्याची सोय आणखी मोठी, कारण आपण लाख-कोटींत मोजतो. या प्रमाणात १ मीटर म्हणजे १ कोटी किलोमीटर, १ सेंटिमीटर म्हणजे १ लाख आणि १ मिलिमीटर म्हणजे १० हजार. ग्रहांच्या अंतरांच्या तक्त्यातलं अंतर कोटी किलोमीटरांत वाचायचं आणि टेप तेवढेच मीटर ओढायची. शून्यं मोजत बसायला नको.

सूर्यापासूनची सरासरी अंतरं अशी येतात : बुध ५.८ मीटर, शुक्र १०.८, पृथ्वी १५, मंगळ २२.८, गुरू ७८, शनी १४३, युरेनस २८७ आणि नेपच्यून ४५० मीटर. म्हणजे जवळपास अर्धा किलोमीटर सरळ रस्ता हवा. मैदान १०० मीटरचंच असेल तर गुरूपर्यंत मांडा आणि शनी कुंपणापलीकडे किती लांब आहे ते फलकावर लिहा. जागेत बसवण्यासाठी ग्रह जवळ ओढू नका.

आकारही त्याच प्रमाणात घ्यायचे. सूर्याला १३.९ सेंटिमीटर व्यासाचा चेंडू लागतो. पृथ्वी १.३ मिलिमीटरची, म्हणजे बारीक मोहरी. शुक्रही जवळजवळ तेवढाच. मंगळ ०.७ आणि बुध ०.५ मिलिमीटर, त्यासाठी खसखशीतले बारके दाणे निवडावे लागतात. गुरूला १४ मिलिमीटरची गोटी, शनीला १२ मिलिमीटरचा मणी आणि त्याभोवती २७ मिलिमीटर व्यासाची कागदी कडी. युरेनस आणि नेपच्यून म्हणजे पाच-पाच मिलिमीटरचे दोन मिरे. चंद्र पृथ्वीपासून ३.८ सेंटिमीटरवर असतो, म्हणून तो मोहरीच्याच कार्डावर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका देऊन दाखवता येतो. दाणे सुटे ठेवू नका, वाऱ्याने उडतात. पांढऱ्या कार्डावर फेविकॉलने चिकटवा आणि कार्ड काठीला लावा.

मांडताना सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे तक्त्यातलं अंतर मागच्या ग्रहापासून मोजणं. तक्त्यातली सगळी अंतरं सूर्यापासूनची असतात. बुधापासून १०.८ मीटरवर शुक्र ठेवला तर तो सूर्यापासून १६.६ मीटरवर, पृथ्वीच्याही पलीकडे जातो. ग्रहाग्रहांतलं अंतर हवं असेल तर वजाबाकी करा : बुध-शुक्र ५, शुक्र-पृथ्वी ४.१, पृथ्वी-मंगळ ७.८, मंगळ-गुरू ५५, गुरू-शनी ६५.५, शनी-युरेनस १४४, युरेनस-नेपच्यून १६३. यांत सूर्य-बुध ५.८ मिळवलं की बेरीज ४५० च्या आसपास आली पाहिजे. नाही आली तर कुठेतरी आकडा चुकला आहे.

मंगळापर्यंत टेप सूर्यापासून एकाच ओढीत लावा. पुढे ३० मीटरची टेप उचलत गेलात तरी चालेल, प्रत्येक टप्प्यावर फक्कीची खूण करा. फोनच्या जीपीएसवर आतले ग्रह मांडू नका. मोकळ्या जागेतही त्यात काही मीटरची चूक असते, बुधाचं अख्खं अंतर त्यात बुडून जातं. दुसऱ्या टोकाला, सेंटिमीटरपर्यंत काटेकोर होण्यातही अर्थ नाही. बुधाची कक्षा एवढी लंबगोल आहे की तो या प्रतिकृतीत ४.६ पासून ७ मीटरपर्यंत सरकतो. पृथ्वीसुद्धा जानेवारीत १४.७ मीटरवर असते आणि जुलैत १५.२ वर.

आता खरा मुद्दा. वजाबाकीने मिळालं ते दोन कक्षांमधलं अंतर. ग्रह एका ओळीत कधीच उभे नसतात, त्यामुळे एखाद्या तारखेला पृथ्वी आणि मंगळ यांच्यात किती अंतर आहे हे त्यावरून कळत नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी ते ५.५८ कोटी किलोमीटर होतं. मंगळ सूर्यापलीकडे गेला की ४० कोटींपर्यंत जातं. एखाद्या तारखेचं अंतर काढायला दोन्ही ग्रहांचे सूर्यकेंद्री रेखांश घ्या, म्हणजे सूर्यावरून पाहिलं तर ग्रह कोणत्या दिशेला आहे ते अंशांत. नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेची ‘होरायझन्स’ ही ऑनलाइन सेवा ते हव्या त्या तारखेसाठी देते. दोन रेखांशांतला फरक हा सूर्यापाशी होणारा कोन. पृथ्वीच्या आणि मंगळाच्या सूर्यापासूनच्या अंतरांचे वर्ग मिळवा, त्यातून दोन्ही अंतरं आणि कोनाची कोसाइन यांच्या गुणाकाराची दुप्पट वजा करा, वर्गमूळ घ्या. सरासरी अंतरं धरली तर ६० अंशांना २०.१ मीटर, ९० अंशांना २७.३, १२० अंशांना ३२.९ येतात. मुलांना हे दोरीने करून दाखवा : सूर्याच्या खुंटीला दोन दोऱ्या बांधा, कोनमापकाने कोन उघडा आणि टोकांमधलं अंतर टेपने मोजा. गणिताशी ते जुळतं.

याच हिशेबातून एक गोष्ट निघते जी बहुतेकांना पटत नाही. सगळ्या कोनांची सरासरी काढली तर पृथ्वीपासून शुक्र १७ मीटरवर पडतो आणि बुध १५.६ वर. शुक्राची कक्षा जवळची आहे खरी, पण तो पलीकडे गेला की बुधापेक्षा लांब जातो. त्यामुळे सरासरीने आपला सर्वांत जवळचा ग्रह बुधच.

मांडणी बरोबर आहे का हे पाहायला मोहरीपाशी उभं राहून चेंडूकडे बघा. आकाशातला सूर्य अर्ध्या अंशाचा दिसतो, चेंडूही तेवढाच दिसला पाहिजे (खऱ्या सूर्याकडे मात्र संरक्षक चष्म्याशिवाय बघू नका). कारण पृथ्वी सूर्याच्या व्यासाच्या १०७ पट अंतरावर आहे, आणि हे गुणोत्तर कुठल्याही प्रमाणात बदलत नाही. म्हणून १४ सेंटिमीटरचा चेंडू मिळाला नाही तरी काम अडत नाही. फुटबॉल २२ सेंटिमीटरचा धरला तर पृथ्वी २३.६ मीटरवर, प्रमाण १ : ६३३ कोटी. नेपच्यून पृथ्वीच्या ३०.०७ पट दूर, म्हणजे ७१० मीटर. आधी तेवढा रस्ता आहे का बघा, मग फुटबॉल उचला.