हळू पळू की इंटरव्हल करू?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न नेहमी एकच असतो: दम वाढवायचाय, तर तासभर सावकाश पळू की थोडाच वेळ पण जीव तोडून? विचारणाऱ्याला बहुतेकदा ‘जीव तोडून’ हेच उत्तर हवं असतं, कारण त्यात वेळ वाचतो.

कागदावर इंटरव्हलचं, म्हणजे थोडा वेळ जोरात, मग थोडा वेळ हळू असं आलटून-पालटून पळण्याचं पारडं जड आहे, हे आधीच कबूल करते. 2007 साली नॉर्वेतल्या संशोधकांनी 40 पुरुषांचे चार गट करून त्यांना आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा पळवलं. एक गट हृदयाच्या कमाल ठोक्यांच्या 70 टक्क्यांवर 45 मिनिटं पळे, दुसरा 85 टक्क्यांवर साधारण 24 मिनिटं. तिसरा 15 सेकंद जोरात, 15 सेकंद हळू असं करी. चौथा 90 ते 95 टक्क्यांवर चार-चार मिनिटांच्या चार फेऱ्या मारी, मध्ये तीन मिनिटं हलकं पळणं. चौघांचं एकूण काम सारखंच ठेवलं होतं. शेवटी पहिल्या दोन गटांचा व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, त्याचं माप) जवळपास होता तिथेच राहिला, तिसऱ्याचा 5.5 आणि चौथ्याचा 7.2 टक्क्यांनी वाढला. हृदयाचे कमाल ठोके सरावाने वाढत नाहीत. वाढतं ते एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त, आणि ते याच दोन गटांत वाढलं होतं.

पण ही माणसं आधीपासून व्यायाम करणारी होती, ही गोष्ट सांगणारा सहसा गाळतो. वर्षानुवर्षं खुर्चीत बसलेल्याचा दम नुसत्या भरभर चालण्यानेही वाढतो. दुसरं म्हणजे प्रयोगात काम सारखं ठेवता येतं, आयुष्यात नाही. जोराचं पळणं आठवड्यातून दोनदा झेपतं, सावकाश पळणं पाच दिवस.

हे मला कळलं ते नडगी दुखायला लागल्यावर. आकडे वाचून मी पहिल्याच आठवड्यात चार-चारच्या फेऱ्या सुरू केल्या, तेही तीनदा. दम खरंच वाढायला लागला, म्हणून आणखी चेव आला. हृदय आणि फुप्फुसं पटकन तयार होतात, हाडं आणि स्नायुबंध मागून रमतगमत येतात. दीड महिना मी पळूच शकले नाही आणि कमावलेला दम बसल्या जागी गेला.

‘चार मिनिटांचं तबाता’ करणाऱ्यांना एक विचारावंसं वाटतं. ज्यांच्या नावावरून हा व्यायाम ओळखला जातो, त्या जपानी संशोधक इझुमी तबाता यांच्या 1996 च्या प्रयोगात 20 सेकंद जोर आणि 10 सेकंद विश्रांती अशा सात-आठ फेऱ्या सायकलवर होत्या, आणि जोर इतका की शेवटी पेडल फिरवणं अशक्य व्हावं. त्याआधी दहा मिनिटं वॉर्मअप. शिवाय आठवड्यातून एक दिवस तीच माणसं अर्धा तास एका लयीत सायकल चालवत. तो अर्धा तास कुठे गेला?

माझं निरीक्षण असं की बहुतेक लोक दोन्ही करतच नाहीत. रोज त्याच मधल्या वेगाने पळतात: धाप लागते, पण हृदय कमालीच्या जवळ जात नाही, आणि दुसऱ्या दिवशी पाय जड. म्हणून मी सांगते, पहिले दोन-तीन महिने इतकं हळू पळा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता येतील. लाज वाटेल इतकं हळू. मग आठवड्यातला एक दिवस चार-चारच्या फेऱ्यांना द्या, बाकीचे तसेच राहू द्या. घड्याळातल्या ठोक्यांवर फार विसंबू नका. ‘220 वजा वय’ हा हिशेब एखाद्याच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतो. छातीत दुखत असेल किंवा हृदयाचा काही त्रास असेल, तर फेऱ्यांआधी डॉक्टरांना विचारा.

परवा एकीने विचारलं, चौथी फेरी पूर्णच होत नाही, काय करू? म्हटलं, पहिली हळू पळ.