नवऱ्याकडे जायचा व्हिसा नाकारला तर

नवरा ब्रिटनमध्ये, बायको-मुलं गुहागरला आणि हातात नकाराचं पत्र. रडारड नंतर, आधी तारीख बघा. भारतातून अपील करायला निर्णय मिळाल्यापासून फक्त 28 दिवस असतात.

उत्पन्नाची अट 11 एप्रिल 2024 पासून वर्षाला 29,000 पौंड. पण पगार पुरेसा असूनही अर्ज पडतो, कारण 6 महिन्यांच्या पगारपावत्या आणि बँकेत जमा झालेले आकडे जुळत नाहीत. मराठी विवाह दाखल्याला प्रमाणित इंग्रजी भाषांतर हवंच. पासपोर्टवर माहेरचं नाव, दाखल्यावर सासरचं (आपल्याकडचा जुनाच घोळ!), तर लेखी खुलासा जोडा.

नुसता कागद राहिला असेल तर अपिलापेक्षा नवा अर्ज बरा. फी मात्र पुन्हा. फसवणुकीचा ठपका असेल तर थेट वकील गाठा, 10 वर्षांची बंदी येऊ शकते.