आत कोण आहे, विचारायचं नाही

सोमवार, १४ जुलै. लिलाँग्वे, मलावी

शनिवारी अमायींच्या गावाला जाऊन आले. अंगावरची धूळ गेली, पण ढोल अजून कानात आहेत. आज लिहिलं नाही तर निसटून जाईल.

अमायी म्हणजे आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई. चिचेवा भाषेत आईला अमायी म्हणतात, आणि आदराने कुठल्याही मोठ्या बाईलाही. त्यांच्या मामाला जाऊन वर्ष झालं, त्याचा कार्यक्रम होता. चेवा लोकांत वंश आईकडून चालतो, त्यामुळे मामा म्हणजे घरातला कर्ता. नवरा लग्न करून बायकोच्या गावी राहायला येतो. तिथे तो एका अर्थी पाहुणाच. न्याऊ ही पुरुषांची गुप्त मंडळी त्यातूनच बळकट झाली असं म्हणतात. परक्या गावात आलेल्या पुरुषांना एकमेकांचा आधार.

देड्झाच्या रस्त्याला लागलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. जुलै म्हणजे इथली थंडी. मका काढून झालेला, शेतात नुसती वाळलेली ताटं. एका वळणावर समोरून पोरं किंचाळत पळत आली आणि त्यांच्या मागून तिघं. अंगभर राख फासलेली, कमरेला चिंध्यांचे झुबके, तोंडावर पिसं खोचलेले मुखवटे. एकाच्या हातात काठी. मी सवयीने फोन काढला. ड्रायव्हर एरवी फार मवाळ बोलतात, पण त्यांनी माझ्याकडे न बघताच म्हटलं, "मॅडम, फोन खाली." काठी काचेवर दोनदा वाजली. त्यांनी थोड्या क्वाचाच्या नोटा बाहेर दिल्या आणि तिघं बाजूला झाले.

"कोण होते हे?" मी विचारलं.

"झिरोम्बो." म्हणजे जनावरं, रानातली.

"पण आत माणसंच ना?"

त्यांनी गिअर टाकला. आरशाला लावलेली जपमाळ हलत राहिली. ते दर रविवारी चर्चला जातात. इंग्रजांच्या काळात मिशनऱ्यांनी हे नाच बंद पाडायचा खूप प्रयत्न केला होता, आणि आज चर्चला जाणारे कितीतरी चेवा पुरुष न्याऊतही आहेत. मला उत्तर मिळालं नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मी जरा खट्टूच झाले.

गावात पोचलो तर ढोल गवताच्या जाळावर तापत होते. चामडं ताणलं की आवाज चढतो. आपल्याकडे डफ शेकतात तसंच. बायकांनी मला आपल्यात बसवून घेतलं. मला वाटलं होतं नाच पुरुषांचा, बायका बघणार. तसं नाहीच. बायका गातात, टाळ्या धरतात. अमायी एरवी स्वयंपाकघरात पुटपुटल्यासारखं बोलतात, त्यांचा आवाज त्या दिवशी सगळ्यांच्या वर होता. त्यांनी सूर चढवला की मुखवट्याचे पाय जागच्या जागी थरथरायला लागायचे, धुळीचा लोट उठायचा, आणि सूर तोडला की ते पाय थांबायचे.

याला म्हणतात गुले वामकुलु, मोठा नाच. युनेस्कोने २००५ साली त्याला मानवजातीचा वारसा म्हणून मान दिला, पण तिथल्या कुणी त्याचं नावही काढलं नाही. मुखवटे येतात ते दफनभूमीजवळच्या झाडीतून, आणि येतात ते मेलेल्यांकडून. लालबुंद तोंडाचा सिमोनी आला, गोऱ्या साहेबावरून बेतलेला, तेव्हा म्हाताऱ्या बायका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. नंतर कासियामालिरो आला. बांबूच्या सांगाड्याचं, मक्याच्या पाल्याने मढवलेलं भलंमोठं हरीण. मोठमोठे वळसे घेत ते जमिनीवरून तरंगत यावं तसं आलं, आणि हसणं आपोआप थांबलं. अमायींनी तेव्हा पदरासारखा ओढलेला चितेंजे, म्हणजे इथल्या बायका गुंडाळतात ते कापड, तोंडाशी धरला. गाणं मात्र सोडलं नाही.

मग एक मुखवटा माझ्यासमोर येऊन थांबला. वर बघायचा धीर झाला नाही, म्हणून पायांकडे बघत राहिले. राखेने पांढरे झालेले, घोट्याला चिंध्या. डाव्या अंगठ्याचं नख काळं पडून अर्धं तुटलेलं. दार लागून किंवा दगड पडून होतं तसं.

त्या नखाकडे बघताना मला गुहागरचा शिमगा आठवला. मी सात वर्षांची असेन. संकासूर, म्हणजे शिमग्यातलं सोंग, अंगणात आला होता, काळा अंगरखा, काळी उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. मी त्याला चालीवरून ओळखलं आणि खालच्या वाडीतल्या दादाचं नाव घेऊन ओरडले. आजीने सगळ्यांसमोर पाठीत धपाटा घातला. "तो आता तो नाही," एवढंच म्हणाली. संकासूर क्षणभर थांबला, खांदे पडल्यासारखे झाले, मग पुढच्या घरी गेला. दादा नंतर माझ्याशी नेहमीसारखाच बोलायचा, पण मला कितीतरी दिवस त्याच्यासमोर जायची लाज वाटत होती. मी काहीतरी फोडलं होतं, एवढं तेव्हाही कळलं होतं.

आज सकाळी तो पाय मला परत दिसला. इथे, लिलाँग्वेत. राख नव्हती, साधी रबरी चप्पल होती, पण नख तेच, काळं आणि तसंच तुटलेलं. त्या माणसाने नेहमीसारखं "मुली ब्वांजी?", म्हणजे कशा आहात, म्हटलं, मी "न्दिली ब्विनो", बरी आहे, म्हटलं. कोण, ते इथेही लिहीत नाही.

थोड्या वेळाने अमायींनी भांडी विसळता विसळता विचारलं, कसं वाटलं आमच्या गावी?

"झिरोम्बो सुंदर नाचले," मी म्हटलं.

त्यांनी वळून माझ्याकडे नीट पाहिलं. मग ओले हात चितेंजेला पुसले आणि परवाचं ते गाणं हळू आवाजात गायला लागल्या.