कारखान्यावरचं बिऱ्हाड

मेक्सिकोचा चित्रकार होसे लुइस कुएवास कागदाच्या कारखान्यावर वाढला. खरोखरच! आजोबा मेक्सिको सिटीतल्या कागद-पेन्सिलींच्या कारखान्याचं व्यवस्थापन बघत, आणि बिऱ्हाड त्याच्याच माथ्यावर. खाली उतरलं की कागदच कागद. जुन्या वह्यांची कोरी पानं फाडून त्यांची नवी वही शिवणाऱ्या घरात मी वाढलो, त्यामुळे या पोराचा मला हेवा वाटतो. लहानपणीच संधिवाताच्या तापानं त्याला अंथरुणाला खिळवलं, तेव्हाही सोबतीला चित्रंच होती.

त्याची चित्रं मी मोबाइलवर बोटांनी मोठी करून बघत बसतो. टाकाची बारीक, कापरी रेघ. तिच्यावर पाण्यानं पातळ केलेली शाई. मध्येच जलरंगाचा मातकट हात. माणसाला मान जवळजवळ नाहीच, धड पोत्यासारखं खाली बसलेलं, डोळे मात्र तिरपे, सावध. चुकार रेघ तशीच राहते, शेजारून दुसरी निघते. तैलरंगात वरून थर देऊन सारवासारव करता येते. इथे कागद ओला झाला की सुरकुततो, आणि पडलेला डाग त्या माणसाच्या गालावरच राहतो.

ही माणसं त्याला रस्त्यावर भेटली: भिकारी, वेश्या. ला कास्तान्येदा या मनोरुग्णालयातही, कारण भाऊ वैद्यकातला. पहिल्यांदा बघणारा 'काय ओंगळ काढलंय!' म्हणेल. म्हणू दे. त्या चेहऱ्यांवर चित्रकारानं दयेचा हात फिरवलेला नाही, मला तेच आवडतं.

तेव्हाचा मेक्सिको भिंतींचा, म्हणजे भित्तिचित्रांचा. रिवेरा, ओरोस्को, सिकेरोस हे तिघे बडे भित्तिचित्रकार; सरकारी इमारतींवर क्रांती, शेतकरी, कामगार. आमच्या वाटेवाचून दुसरी वाट नाही, असं सिकेरोस बजावत होता. कुएवासनं या कोंडलेपणाला 'निवडुंगाचा पडदा' म्हणत झणझणीत लेख लिहिला. (ओरोस्कोची काळी रेघ त्याला मनापासून आवडे, ते वेगळं.) 1954 साली वॉशिंग्टनच्या पॅन अमेरिकन युनियन या अमेरिका खंडांतल्या देशांच्या संघटनेतल्या प्रदर्शनात या कोवळ्या पोराची चित्रं हातोहात खपली. भिंतीवरची क्रांती चौकात उभं राहून दहाजणांसोबत बघता येते. त्याच्या कागदापुढे मात्र एकट्यानंच वाकावं लागतं, आणि मग तो तिरपा डोळा आपल्याकडे बघतो.

1967 मध्ये त्यानं भिंतवाल्यांची खोड काढायला स्वतःच भित्तिचित्र केलं. जाहिरातीच्या फलकावर, तेही महिन्याभरात उतरवण्यासाठीच! मिरवायची हौस त्याला दांडगी होती. 1992 साली मेक्सिको सिटीतल्या ख्रिस्ती जोगिणींच्या जुन्या मठात त्याच्या नावाचं संग्रहालय उघडलं, तर अंगणात त्याचीच आठ मीटर उंचीची ब्राँझची 'ला हिगांता', म्हणजे राक्षसीण. कागदवाल्याला शेवटी धातूचा मोह पडलाच. फोटोत ती दांडगी दिसते खरी. पण कधी तिथं गेलोच, तर तिकिटाचे पैसे मी आतल्या शाईच्या चित्रांसाठी देईन.